आमचं घर त्याच धुरावर चालतं, तक्रार कुठल्या तोंडाने करू?

पत्राचा सारांश: चंद्रपूरजवळ राहणाऱ्या 34 वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. त्यांचे यजमान कोळसा वाहतुकीच्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत. सासरे महाऔष्णिक विद्युत केंद्रातून निवृत्त झाले. ताई बी.कॉम. आहेत आणि घरी शिवणकाम करतात. मुलगा 8 वर्षांचा. दोन हिवाळे झाले, त्याला दम्याचा त्रास आहे. रात्री-बेरात्री उठून बसतो, शाळा बुडते, आणि तो आजारी पडला की ताईंचं मशीन बंद राहतं. त्यांनी प्रदूषणाचा विषय काढला की सासरे म्हणतात, "हे घर त्याच धुरावर उभं राहिलं. देशाला वीज लागते. विकास हवा तर थोडं सोसावं लागतं." नाशिकचा भाऊ म्हणतो, पोराला घेऊन इकडे ये. यजमानांना नोकरी सोडायची नाही. ताई विचारतात, "एका बाजूला देशाची वीज आणि हजारो घरांचा रोजगार, दुसऱ्या बाजूला माझं एकटं लेकरू. मी स्वार्थी विचार करतेय का? निघून जाऊ का?"

ताई,

तुम्ही एका बाजूला देश ठेवलात आणि दुसऱ्या बाजूला मुलगा. ही मांडणीच मला मान्य नाही. तुमच्या मुलाचं आजारपण देशाच्या हिशेबाबाहेरचं नाही, ते देशाच्या तोट्यात धरलं जातं. तो तोटा किती हे मोजलेलंही आहे, त्याकडे येते. पण आधी मुलाचं बघू, कारण काही गोष्टी याच आठवड्यात व्हायला हव्यात.

तुम्ही लिहिलंय की खोकला वाढला की मेडिकलमधून सिरप आणता, फारच झालं तर दवाखान्यात नेऊन वाफ देता, पण पंप (इनहेलर) सुरू केलेला नाही, कारण घरात सगळे म्हणतात पंपाची सवय लागते. सवय लागत नाही, ताई. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. पंपातलं औषध अगदी थोड्या मात्रेत थेट तिथे पोचतं. पंपही दोन प्रकारचे असतात. एक सूज आटोक्यात ठेवणारा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज घ्यायचा. दुसरा धाप लागल्यावर लगेच आराम देणारा. बऱ्याच घरांत दुसराच तेवढा वापरतात आणि मूल बरं झालं असं समजतात. आतली सूज तशीच राहते, आणि पुढची थंडी आली की पुन्हा तेच. बालरोगतज्ज्ञांकडे जा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून पंप कसा द्यायचा ते त्यांच्यासमोर करून दाखवा आणि चुकतंय का ते विचारा. कोणती लक्षणं दिसली की काय द्यायचं हे कागदावर लिहून घ्या, म्हणजे रात्री दोन वाजता घरात वाद होणार नाहीत. बोलताना त्याचं वाक्य तुटत असेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघायची नाही.

आता सासऱ्यांच्या बोलण्याकडे वळते. ते खोटं बोलत नाहीत. त्या पिढीला त्या नोकरीने क्वार्टर दिलं, दर महिन्याचा पगार दिला, पोरांची शिक्षणं करून दिली. आयुष्यभर ज्या कामाचा अभिमान बाळगला त्यालाच सुनेने बोल लावला असं त्यांना वाटत असणार. म्हणून वाद "केंद्र हवं की नको" असा नेऊ नका, तो त्यांच्या आयुष्यावरचा निकाल होतो. त्यांच्या वाक्यातला शेवटचा तुकडा तेवढा हातात घ्या: थोडं सोसावं लागतं. थोडं म्हणजे किती? कुणी सोसायचं? आणि ते टाळता येण्यासारखं होतं का? हे तीन प्रश्न त्यांचा मान ठेवून विचारता येतात.

किती, याचं उत्तर देशपातळीवर उपलब्ध आहे. 'द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात डिसेंबर 2020 मध्ये भारतातल्या राज्यवार आजारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2019 या एका वर्षात भारतात 16.7 लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणामुळे झाले. एकूण मृत्यूंच्या तुलनेत हे प्रमाण 17.8 टक्के. अकाली मृत्यू आणि आजारपणामुळे जे उत्पादन बुडालं त्याची किंमत 36.8 अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे 2 लाख 60 हजार कोटी रुपये निघाली. देशाच्या सकल उत्पन्नाच्या हे 1.36 टक्के होतात. उत्तर प्रदेशात हाच तोटा राज्याच्या उत्पन्नाच्या 2.15 टक्के होता. देश कमावतो म्हणून धूर सोसायचा, असं आपण धरून चालतो. या आकड्यांत दिसतं ते हे की धुरामुळे देशाची कमाईच घटते.

तुम्ही वाणिज्य शाखेच्या आहात म्हणून आणखी थोडं सांगते. पुढे कधी जागतिक बँकेचा आकडा वाचनात आला तर गोंधळू नका. त्यांनी 2019 साठी जगभरातल्या सूक्ष्म धूलिकणांमुळे झालेल्या आरोग्यहानीची किंमत 8.1 लाख कोटी डॉलर काढली, जगाच्या उत्पन्नाच्या 6.1 टक्के. टक्केवारीत एवढा फरक पडतो तो मुख्यतः पद्धतीमुळे. पहिली पद्धत विचारते, हा माणूस जगला असता, धडधाकट असता, तर त्याच्या हातून किती उत्पादन झालं असतं. दुसरी विचारते, मृत्यूचा धोका थोडा कमी व्हावा म्हणून माणसं स्वतःच्या खिशातून किती द्यायला तयार असतात. पहिलीत म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्याची किंमत फार कमी येते. मला दुसरी पद्धत जास्त माणुसकीची वाटते. पण सासऱ्यांशी बोलताना पहिलाच आकडा सांगा. तो कमीत कमी धरलेला आहे, आणि तरीही मोठा आहे.

आणि हेही बघा की सकल उत्पन्नाच्या आकड्यात तुमचा खर्च कुठे दिसतो. तुम्ही दवाखान्यात वाफेचे पैसे भरलेत, डॉक्टरांची फी दिलीत, औषधं आणलीत. हे सगळं देशाच्या उत्पन्नात मिळवलं जातं. तुम्ही जागून काढलेली रात्र मात्र कुठेच नोंदली जात नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत घडवणारे सायमन कुझनेट्स यांनी 1934 मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांचं भलं किती झालं हे ठरवता येणार नाही. आपण मात्र तो आकडा वाढला की विकास झाला असं मानत आलो.

आजारपणाच्या पलीकडेही तोटा आहे, आणि तो तुमच्या शिलाई मशीनपर्यंत येतो. कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या रोजच्या कामाच्या नोंदी आणि हवेतला ओझोन वायू (जमिनीलगत तो प्रदूषकच असतो) यांची जोशुआ ग्राफ झिविन आणि मॅथ्यू नाइडेल या दोन अर्थतज्ज्ञांनी सांगड घातली. 2012 च्या त्यांच्या निबंधात दिसतं की हवेतला ओझोन एक अब्ज भागांमागे 10 भागांनी कमी झाला की मजुरांचं काम 5.5 टक्क्यांनी वाढतं. ही माणसं आजारी नव्हती, रोज कामावर येत होती, आणि हवा बहुतेक दिवस तिथल्या सरकारी मर्यादेच्या आत होती. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतही धूलिकण वाढले की शिलाईच्या लाइनचं काम मंदावतं असं संशोधकांना आढळलं. हिवाळ्यात एखाद्या दिवशी तुमच्या हातून ब्लाउज कमी होतात तेव्हा स्वतःला आळशी म्हणू नका.

कुणी सोसायचं, हा दुसरा प्रश्न. चंद्रपूर केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. ती वीज राज्याच्या जाळ्यात जाते, मुंबई-पुण्याच्या घरांतही तिचे दिवे लागतात. राख मात्र केंद्राच्या आसपासच्या गावांत आणि वस्त्यांत राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक क्षेत्रांतलं प्रदूषण मोजलं तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक 100 पैकी 83.88 आला होता, प्रदूषणात देशात चौथा. त्यात कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि इतर कारखानेही आले, एकट्या वीज केंद्राचा तो आकडा नव्हे. विजेच्या युनिटचा दर ठरतो तेव्हा कोळसा, वाहतूक, पगार, कर्जावरचं व्याज सगळं धरतात. तुमच्या घरचं औषधाचं बिल त्यात धरत नाहीत. वीज स्वस्त दिसते ती बऱ्याच अंशी यामुळे. मालाचे पैसे न देता ते शेजाऱ्याच्या खात्यावर उधार मांडून ठेवावेत, तसं हे आहे.

टाळता येण्यासारखं होतं का? बरंचसं, हो. धूर काढण्याच्या धुराड्यांवर धूळ पकडणारी यंत्रं बसवता येतात आणि ती नीट चालवता येतात. कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री घट्ट बांधता येते. राखेच्या तलावाचा पृष्ठभाग ओला ठेवता येतो. गंधकाच्या वायूंसाठी डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने मर्यादा ठरवल्या. हे वायू हवेत गेल्यावर त्यांचेच सूक्ष्म कण तयार होतात आणि ते फुप्फुसात खोल जातात. मर्यादा पाळायला दोन वर्षं दिली होती. मग मुदत पुनःपुन्हा वाढली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतांश औष्णिक केंद्रांना गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. खर्च फार आणि वीज महागेल, हे त्यातलं एक मोठं कारण. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. यंत्रणा बसवली नाही म्हणून खर्च वाचत नाही, तो तुमच्यासारख्या घरांकडे जातो. उलट उदाहरणही आहे. अमेरिकेने 1990 मध्ये आपला स्वच्छ हवा कायदा कडक केला. तिथल्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये हिशेब मांडला की 2020 साली त्या दुरुस्त्यांचा वर्षाचा खर्च सुमारे 65 अब्ज डॉलर असेल आणि फायदा सुमारे 2 लाख कोटी डॉलर. त्यातला बहुतेक फायदा टळलेल्या अकाली मृत्यूंचा. या काळात तिथले उद्योग बुडाले नाहीत.

तेव्हा तुम्ही स्वार्थी नाही. "पोट भरतं तिथे तक्रार करू नये" हा संस्कार मला ठाऊक आहे, आणि त्यातला कृतज्ञतेचा भाग चांगलाही आहे. पण पगार तुमच्या घराला कष्टाबद्दल मिळाला. मुलाचा श्वास त्या व्यवहारात कधी धरलेलाच नव्हता.

आता नाशिकचं. घाईने सामान बांधू नका, आणि विचार सोडूनही देऊ नका. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली हवा खराब असलेली जी 19 शहरं आहेत, त्यांत चंद्रपूर आहे तसं नाशिकही आहे. भावाचं घर कुठे आहे, रहदारीच्या रस्त्यावर की आत, जवळ बांधकामं चालू आहेत का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. शिवाय दमा एकट्या धुराने होत नाही. सर्दीचे विषाणू, गादीतली धूळ, घराण्यातला वारसा यांचाही हात असतो. म्हणून आधी करून बघा. पीक फ्लो मीटर नावाचं छोटं उपकरण मिळतं, मुलाने जोरात फुंकर मारली की आकडा दिसतो. ते फार महाग नसतं. डॉक्टरांकडून वापरायला शिका आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा टिपून ठेवा. त्रासाचे दिवस असतात तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत, दोन आठवडे मुलाला भावाकडे ठेवा, औषध तेच सुरू ठेवून. आकडे स्पष्ट वाढले, रात्रीचं उठणं थांबलं, तर स्थलांतराला आधार मिळतो. फरक पडला नाही तर दोन संसारांचा खर्च आणि बापाविना मुलाचे महिने वाचले. पंप नियमित सुरू झाल्यावर चंद्रपुरातच त्याला आराम पडण्याची शक्यताही खूप आहे. ती आधी तपासल्याशिवाय नोकरी सोडायचा विषय यजमानांकडे काढू नका.

घरातला धूर आपल्या हातातला आहे, त्याबद्दल स्पष्ट विचारते. अंगणात कोळशाची शेगडी पेटते का? खाण पट्ट्यात कोळसा स्वस्तात मिळतो म्हणून पाणी तापवायला पुष्कळ घरी अजून पेटते. ती बंद करा. डासांची कॉइल, उदबत्त्यांचे जुडगे, अंगणात पालापाचोळा जाळणं, हेही. लॅन्सेटच्या त्याच अभ्यासात दिसतं की 1990 ते 2019 या काळात घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर 64 टक्क्यांनी घटला, आणि बाहेरच्या धूलिकणांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर 115 टक्क्यांनी वाढला. चुलीचा धूर कमी करून आपण एकदा मोठी गोष्ट साधली आहे. गच्चीवरची आणि खिडकीच्या गजांवरची राख कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि तेव्हा मुलाला तिथे थांबू देऊ नका. थंडीत पहाटेची हवा जमिनीलगत दबून राहते, धूर वर जात नाही, म्हणून त्याचं खेळणं ऊन चढल्यावर. 'समीर' या सरकारी अ‍ॅपवर रोजची हवा बघत जा. सूक्ष्म धूलिकणांची आपली सरकारी मर्यादा 24 तासांसाठी घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. तेव्हा अ‍ॅप "समाधानकारक" म्हणालं तरी दम्याच्या मुलाला ते पुरेसं असेलच असं नाही. आणि उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद ठेवा असं मी सांगणार नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात ते होणारं नाही. निदान कूलर रस्त्याच्या बाजूला लावू नका.

यानंतर एक वही करा. बी.कॉम. शिकलात ते इथे कामी येईल. तारीख, फी, औषधं, रिक्षाभाडं, शाळा बुडाली की नाही, तुमचे शिवणाचे किती रुपये बुडाले, यजमानांचा खाडा झाला का. शेजारी त्या दिवशीचा हवेचा आकडा आणि पीक फ्लोचा आकडा. बिलं तारखेने लावून ठेवा. तीन महिन्यांनी ही वही सासऱ्यांना स्वतः वाचायला द्या, वर काही बोलू नका. हिशेबाची सवय असलेला माणूस बेरीज टाळत नाही. डॉक्टरांनाही तिचा उपयोग होईल, आणि पुढे कायद्याच्या वाटेने जायचं ठरलं तर कागद तयार असतील.

यजमानांना विचारा, ठेकेदार त्यांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) भरतो का. ही योजना जिथे लागू आहे तिथे 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कंत्राटी कामगारालाही ती मिळते. कुटुंबाचे उपचार होतात, आणि कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो. खाणीच्या कामाला ती बरीच वर्षं लागू नव्हती, म्हणून त्यांचं काम कशात मोडतं ते आधी बघा. कोळशाजवळ उभं राहून कमावणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांची तपासणीही राहून गेलेली असते. मुलाच्या निमित्ताने त्यांचीही करून घ्या.

तक्रार करायची तर एकटीच्या नावाने करू नका, यजमानांच्या नोकरीची काळजी खरी आहे. दहा-पंधरा आया मिळून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. मागणी नेमकी असू द्या: अमुक रस्त्यावर ट्रक ताडपत्रीशिवाय जातात, अमुक दिवशी राख उडाली, सोबत फोटो आणि वेळ. धूर सोडणाऱ्या कारखान्याला मंडळाचं संमतीपत्र लागतं, त्यात धुराच्या अटी असतात. ते माहितीच्या अधिकारात मागता येतं. राखेबद्दल 31 डिसेंबर 2021 ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे. ठरलेल्या प्रमाणात राख वापरात आणली नाही तर वीज केंद्राला टनामागे 1000 रुपये पर्यावरण भरपाई भरावी लागते. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजायची हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये तामिळनाडूतल्या चर्मोद्योगांच्या खटल्यात मान्य केलं, आणि 2010 च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यातही ते आहे. त्या कायद्याखाली नुकसानभरपाईचा अर्ज कारण घडल्यापासून पाच वर्षांत करता येतो. पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे.

घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, कोराडी, कुठल्याही अशा गावातून हे वाचत असाल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी विसरू नका. 2015 च्या कायद्यानुसार खाणचालक त्यात पैसे भरतात, आणि आरोग्य व प्रदूषण नियंत्रण ही त्याची प्राधान्याची कामं आहेत. शाळेजवळ हवामापक, प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलांसाठी पंप आणि स्पेसर, अशी मागणी, गावाला ग्रामपंचायत असेल तर, ग्रामसभेत ठरावाने करता येते. वकिलाची फी परवडणार नाही असं वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला त्यासाठी लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी करा. जाताना बिलांची फाइल आणि मंडळाकडच्या अर्जाची पोच सोबत ठेवा.